टोमॅटो, वांगी, मिरचीची झाडे पुन्हा पुन्हा माना टाकतात तेव्हा: कारण शोधण्याचा क्रम

उष्ण हवामानात घरच्या घरी सेंद्रिय पद्धतीने भाजी पिकवणाऱ्यांना एकच दुखणे वरचेवर छळते. काल संध्याकाळपर्यंत तरतरीत असलेले झाड आज मलूल होते, पाणी घातले तरी उठत नाही, आणि त्याच कुंडीत किंवा त्याच वाफ्यात लावलेले पुढचे झाडही फुलावर येता येता तसेच जाते. हा प्रकार असंख्य वेळा हाताळल्यानंतर माझे मत पक्के झाले आहे की कोमेजणे हा स्वतंत्र रोग नसून मुळापासून पानापर्यंतच्या पाण्याच्या वाटेत कुठेतरी खंड पडल्याची ती खूण आहे. माती कोरडी पडली तरी पाने लोंबतात आणि मुळे पाण्यात गुदमरून कुजली तरीही पाने तशीच लोंबतात. त्यामुळे झाड मलूल दिसताच झारी उचलणे ही सर्वांत महागात पडणारी सवय आहे, कारण पहिले पाणी घातले की मातीची मूळ स्थिती कळण्याचा मार्ग बंद होतो आणि मुळे कुजत असतील तर नुकसानही वाढते.

लक्षणे

तपासणीला हात घालण्यापूर्वी झाड नुसते पाहावे आणि पाच गोष्टींची नोंद करावी: ते दिवसाच्या कोणत्या वेळी कोमेजते, त्याचा नेमका कोणता भाग कोमेजतो, पाने हिरवी आहेत की पिवळी, हे सारे किती दिवसांत घडले, आणि शेजारची झाडे कशी आहेत. निम्मे निदान या नोंदीतच होते.

दुपारी पाने खाली लोंबतात, ऊन कलले की पुन्हा उभी राहतात आणि सकाळी झाड टवटवीत असते, हा पहिला प्रकार. काकडी, दुधी, भोपळा अशा रुंद पानांच्या वेलांत तो विशेष दिसतो. दुसऱ्या प्रकारात खालची पाने पिवळी पडतात, झाड मलूल असते आणि माती मात्र सतत ओली असते. तिसऱ्या प्रकारात पानांच्या कडा करपून तपकिरी होतात आणि झाड सगळीकडून सारखेच मरगळते. चौथ्यात केवळ शेंडा मान टाकतो व बाकीचे झाड निरोगी असते. वांग्यात हे नेहमीचेच आहे. पाचव्यात झाड आठवडेच्या आठवडे खुजे राहते, खत घालूनही फिकट दिसते आणि माती ओली असतानाही रोज दुपारी कोमेजते. सहाव्यात एका बाजूच्या फांदीची किंवा पानाच्या अर्ध्याच भागाची पिवळी मर सुरू होते आणि हळूहळू वर चढते. सातवा प्रकार सर्वांत वाईट: पाने हिरवीगार असतानाच संपूर्ण झाड दोन-चार दिवसांत लोळते, आणि मग शेजारचे झाडही त्याच वाटेने जाते.

पुढील तपासण्या मी सोप्या व फुकटच्या तपासण्यांपासून अवघड तपासण्यांकडे अशा लावल्या आहेत. झाड उपटण्याची वेळ शेवटी येते, कारण उपटलेले झाड परत लावून जगत नाही आणि बहुतेक वेळा त्याची गरजही पडत नाही.

सकाळी पाहणे

पहिल्या तपासणीला काहीच लागत नाही. झाड सूर्योदयाच्या सुमारास पाहावे. कडक उन्हात पानांतून जितके पाणी उडते तितके मुळे त्याच वेगाने वर पोहोचवू शकत नाहीत, म्हणून झाड तात्पुरते पाने लोंबवते आणि त्यामुळे पानांवर पडणारे ऊनही कमी होते. रात्रीतून ही तूट भरून निघते. सकाळी झाड ताठ असेल, माती आतून ओलसर असेल आणि नवी वाढ चालू असेल, तर ते आजारी नाही. तेव्हा जास्तीचे पाणी देऊ नये. दुपारच्या वेळी ३० ते ५० टक्के सावली देणारी जाळी ताणावी आणि मातीवर वाळलेल्या पाला-गवताचे दोन-तीन इंच आच्छादन घालावे. सकाळीही झाड मलूल असेल तरच पुढे जावे.

माती हाताने पाहणे

बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत, म्हणजे साधारण पाच सेंटिमीटर, खुपसावे. खोल कुंडी असेल तर बांबूची कोरडी काडी तळापर्यंत घालून पाच मिनिटांनी बाहेर काढावी. ती किती उंचीपर्यंत ओली झाली आहे त्यावरून आतली ओल कळते. वरचा थर पाहून ठरवू नये, कारण उष्ण हवेत तो काही तासांत सुकतो आणि खाली चिखल असला तरी वरून माती तहानलेली दिसते.

आत खरोखर कोरडे निघाले, तर आणखी एक गोष्ट तपासावी. कोकोपीट व कंपोस्ट यांचे प्रमाण जास्त असलेले मिश्रण एकदा पूर्ण वाळले की पाणी झटकन शोषत नाही. ते आक्रसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते, आणि वरून घातलेले पाणी त्या फटीतून थेट खालच्या छिद्रांतून बाहेर पडते. माणसाला वाटते की पाणी तळापर्यंत पोहोचले, प्रत्यक्षात मुळांचा गड्डा कोरडाच असतो. रोज पाणी घालूनही झाड तहानेने मरते ते असे. अशी कुंडी पाण्याच्या टबात अर्धा तास ठेवून खालून भिजू द्यावी आणि नंतर पूर्ण निथळू द्यावी. जागेवरून न हलणारी कुंडी असेल तर काडीने मातीत भोके पाडून थोडे थोडे पाणी पाच-सहा हप्त्यांत द्यावे. झाड काही तासांत उठले तर निदान तिथेच संपले.

माती ओली निघाली आणि तरीही झाड मलूल असेल, तर पाणी त्या क्षणी बंद करावे. खऱ्या अडचणीची सुरुवात इथून होते.

निचरा आणि मुळांचा श्वास

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही, त्यांची पाणी ओढण्याची क्षमता घटते आणि झाड ओल्या मातीत उभे राहून कोमेजते. त्यातच पिथियम आणि फायटोफ्थोरा यांसारखे ओलाव्यात फोफावणारे सूक्ष्मजीव कमकुवत मुळांवर तुटून पडतात. उष्ण व दमट दिवसांत हे फार झपाट्याने होते.

कुंडी तिरपी करून तळाची छिद्रे पाहावीत. ती मुळांनी वा गाळाने बुजलेली असतात, किंवा कुंडी सपाट फरशीवर टेकल्यामुळे आतून मोकळी असूनही बंद झालेली असतात. कुंडीखाली विटांचे तुकडे ठेवून ती दोन बोटे उचलली तरी पुष्कळ झाडे सुधारतात. खालच्या बशीत पाणी साचू देऊ नये. वाफ्यात एक वीत खोल खड्डा करून पाण्याने भरावा, ते जिरू द्यावे, पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी चार तासांनंतरही तसेच उभे असेल तर तिथे उंच गादीवाफा केल्याशिवाय टोमॅटो-मिरची लावण्यात अर्थ नाही.

तळाशी खडे किंवा खापऱ्यांचा थर घातला की निचरा सुधारतो, ही समजूत फार रुजलेली आहे आणि ती चुकीची आहे. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांच्या थरात सहज उतरत नाही. माती जवळजवळ संपृक्त होईपर्यंत ते त्या थराच्या वरच अडून राहते. परिणामी ओल्या मातीचा पट्टा वर सरकतो आणि मुळांना मिळणारी जागा कमी होते. छिद्रावर एखादी जाळी पुरेशी आहे, बाकी कुंडी एकाच भुसभुशीत मिश्रणाने भरावी.

मातीला सडका, आंबूस वास येत असेल तर कडेची थोडी माती बाजूला करून एखादे मूळ चिमटीत ओढून पाहावे. निरोगी मूळ पांढरट आणि कणखर असते. कुजलेल्या मुळाची तपकिरी साल चिमटीत निसटून येते आणि आतला बारीक दोरा तेवढा उरतो. निम्म्याहून अधिक मुळे शाबूत असतील तर झाड सावलीत ठेवून, फळे व काही पाने काढून, माती वाफशावर येईपर्यंत, म्हणजे चिखल जाऊन ती नुसती ओलसर राहीपर्यंत, पाणी न देता वाचवता येते. त्याहून कमी उरली असतील तर प्रयत्न सोडून द्यावा.

कुंडीचे तापमान

ही तपासणी बहुतेक जण विसरतात, कारण सगळ्यांचे लक्ष हवेच्या उष्म्याकडे असते. दुपारी तीनच्या सुमारास कुंडीच्या पश्चिमेकडच्या बाजूला तळहात लावावा. हात टेकवून ठेवणे अवघड वाटत असेल तर आतल्या कडेची मुळे भाजत आहेत असे समजावे. काळ्या पिशव्या, पातळ प्लॅस्टिकच्या कुंड्या आणि सिमेंटच्या गच्चीवर थेट ठेवलेली भांडी यांत हा त्रास अधिक. मातीचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर बराच वेळ राहिले की बहुतेक भाज्यांच्या मुळांचे काम मंदावते, आणि भांड्यांत ते त्याहूनही पुष्कळ वर जाऊ शकते. शक्य असेल तर मातीत घालायच्या साध्या तापमापकाने कडेपासून दोन इंचांवर मोजून पाहावे.

कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवणे, ऊन लागणाऱ्या बाजूला पांढरे कापड गुंडाळणे, लहान कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत पालापाचोळा भरणे, आणि भांडी फरशीपासून उचलणे, एवढ्याने काम भागते. तापलेल्या कुंडीत दुपारी पाणी ओतू नये. पाणी पहाटे द्यावे, म्हणजे दिवसाचा उष्मा सोसताना झाडाजवळ साठा असतो.

शेवटी काय खत दिले होते

सेंद्रिय खत कितीही दिले तरी अपाय होत नाही असे मानणाऱ्यांच्या बागेत तिसरे लक्षण हमखास दिसते. ताजे किंवा अर्धवट कुजलेले शेण, कोंबडीखत, मुळांजवळ पुरलेला ओला कचरा, मूठभर जास्त पडलेली पेंड, पाणी न मिसळता ओतलेली आंबवलेली द्रावणे, यांपैकी काहीही गेल्या दहा-पंधरा दिवसांत दिले गेले असेल तर संशय त्याच्यावर घ्यावा. कुजण्याची क्रिया मातीतच सुरू झाली की उष्णता आणि अमोनिया निर्माण होतो. शिवाय विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण वाढले की मुळांना आत पाणी ओढणे कठीण जाते आणि ओल्या मातीतही झाड तहानलेले राहते. कुंडीच्या काठावर किंवा मातीच्या पृष्ठभागावर पांढरट पापुद्रा दिसणे ही क्षारांची खूण आहे. जड पाणी वापरणाऱ्यांकडे ती खताशिवायही दिसते.

निचरा चांगला आहे याची आधी खात्री करून, कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट साधे पाणी सावकाश ओतून खालून वाहू द्यावे आणि पुढील तीन आठवडे कोणतेही खत देऊ नये. निचरा खराब असताना हा उपाय केला तर झाड दुसऱ्या कारणाने मरेल. क्रम पाळण्याचा आग्रह मी धरतो तो यासाठीच. खत पुरते कुजले आहे की नाही हे ढिगाला पलटी मारून ओळखता येते: पलटल्यानंतर ढीग पुन्हा तापत नसेल आणि त्याला पावसाळी मातीचा वास येत असेल, तरच ते मुळांजवळ घालावे.

खोड आणि बुंधा

आता गुडघे टेकून पाहण्याची वेळ येते. वांग्याचा केवळ शेंडा मान टाकत असेल तर तो शेंडा व फळे पोखरणाऱ्या अळीचा उद्योग असतो. कोमेजलेल्या भागाच्या खाली बारीक छिद्र आणि विष्ठा दिसते. तो शेंडा छिद्राच्या दोन-तीन सेंटिमीटर खालून कापून अळीसकट नष्ट करावा. नुसता तोडून वाफ्यात टाकला तर अळी आपले काम पूर्ण करते. ही छाटणी आठवड्यातून दोनदा नेमाने केली तर उपद्रव बराच कमी होतो. कोवळे रोप जमिनीलगत कापलेले आढळले तर बुंध्याभोवतीची एक-दोन इंच माती उकरावी. दिवसा तिथेच वळकटी करून पडलेली राखाडी अळी सापडते. रोपाभोवती जाड कागदाची नळी अर्धी मातीत पुरून उभी केली की ती पोहोचत नाही.

बुंध्याभोवतीचे आच्छादन आणि माती हलकेच बाजूला करावी. खोड मातीला टेकते तिथे तपकिरी, खोलगट पट्टा आणि त्यावर पांढऱ्या दोऱ्यांची बुरशी दिसत असेल, व तिच्यात मोहरीएवढे गोल, आधी पांढरे व नंतर तपकिरी होणारे दाणे असतील, तर ती स्क्लेरोशियम रॉल्फ्सी या बुरशीची मानकुज आहे. उष्णता व ओल दोन्ही एकत्र आली की ती जोर धरते. त्या दाण्यांच्या रूपात ही बुरशी मातीत काही वर्षे तग धरते, म्हणून ती पुन्हा पुन्हा उद्भवते. झाड, त्याच्याभोवतीची वीतभर माती आणि आच्छादन हे सारे पिशवीत भरून बाहेर काढावे. ते कंपोस्टच्या ढिगात कधीही घालू नये. हे दाणे उगवण्यासाठी हवा लागते, त्यामुळे ते वरच्या थरातच धोकादायक असतात. वाफ्यातला वरचा थर एक हात खोल पुरला तर त्यांचा उपद्रव बराच कमी होतो. पुढच्या लागवडीत आच्छादन खोडापासून चार बोटे दूर ठेवावे आणि रोप रोपवाटिकेत होते त्यापेक्षा खोल पुरू नये. टोमॅटो खोल लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. या बुरशीची लागण झालेल्या जागी तो अंगाशी येतो.

एक झाड उपटणे

इथवर काही सापडले नाही आणि एकाहून अधिक झाडे मलूल असतील, तर त्यांतले नुकतेच कोमेजू लागलेले एक झाड निवडून खुरप्याने मुळांसकट उचलावे. हिसका देऊन उपटू नये, कारण जी मुळे पाहायची तीच तुटून मातीत राहतात. मुळे बादलीत हलक्या हाताने धुवावीत.

मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले दोऱ्यासारखे अतिसूक्ष्म कृमी. या गाठी मुळाच्याच फुगलेल्या भागाच्या असतात, खरवडून निघत नाहीत, आणि एका मुळावर त्यांची माळ दिसते. घेवडा, चवळी, भुईमूग यांच्या मुळांवरच्या नत्रगाठींशी त्यांची गल्लत करू नये. नत्रगाठी मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात, नखाने सुटतात आणि कापल्यावर आतून गुलाबी दिसतात. सूत्रकृमी डोळ्यांना दिसत नाहीत. ते मुळात शिरून पाण्याच्या नलिकांजवळच्या पेशी फुगवतात, म्हणून झाड खत-पाणी असूनही उपाशी राहते. पाचवे लक्षण बहुतेक वेळा यांचेच असते.

यावर उभ्या पिकात खात्रीचा सेंद्रिय इलाज नाही, आणि असल्याचे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पीक संपल्यावर मात्र पुष्कळ करता येते. सर्व मुळे वेचून काढावीत, कारण अंडी गाठींतच राहतात. कुंडीतली माती प्लॅस्टिकच्या कागदावर पातळ पसरून कडक उन्हात वरखाली करत वाळवावी. वाफा असेल तर माती भिजवून तिच्यावर पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट ताणावे, कडा मातीत दाबाव्यात आणि सर्वांत उष्ण काळात चार ते सहा आठवडे तसेच ठेवावे. इस्राएलमधील याकोव्ह काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये मांडलेली ही पद्धत आज जगभर वापरली जाते. काळे प्लॅस्टिक चालत नाही, कारण ते स्वतः तापते, ऊन आत जाऊ देत नाही. सूत्रकृमी मात्र खोल थरात उतरून बचावतात, त्यामुळे हा दिलासा एखाद्या हंगामापुरता समजावा. झेंडूचा उपयोग होतो, पण कडेला दोन-चार रोपे लावून नव्हे. त्याच जागेत फक्त बुटका झेंडू दाट लावून किमान दोन महिने वाढवावा आणि नंतर भाजी लावावी.

सूत्रकृमींना दाद न देणारे टोमॅटोचे वाण मिळतात आणि बियाण्याच्या पाकिटावर ते बहुधा ‘एन’ या अक्षराने दाखवतात. उष्ण प्रदेशातल्या माळ्याने एक मर्यादा लक्षात ठेवावी: या वाणांतील एमआय नावाचे प्रतिकारक जनुक मातीचे तापमान २८ अंशांच्या वर राहिले की नीट काम करत नाही. तेव्हा हे वाण थंडीच्या हंगामासाठी ठेवावेत, किंवा जाड आच्छादनाने माती थंड राखावी.

खोड कापून पाण्यात धरणे

मुळे स्वच्छ निघाली तर त्याच झाडाच्या खोडाचा बुंध्याजवळचा सात-आठ सेंटिमीटरचा तुकडा धारदार सुरीने कापावा. स्वच्छ पारदर्शक पेल्यात पाणी भरून ते स्थिर होऊ द्यावे आणि तुकडा चिमट्याने असा टांगावा की त्याचे कापलेले टोक पाण्यात जेमतेम बुडेल. पेल्यामागे काळा कागद धरावा. पेला हलवू नये. पाच मिनिटांच्या आत कापलेल्या टोकातून दुधाळ धागे खाली उतरताना दिसले, तर ती राल्स्टोनिया सोलानासिएरम या जिवाणूची मर आहे. सातव्या लक्षणाचा हाच धनी. अमेरिकेतील वनस्पतिरोगतज्ज्ञ अर्विन स्मिथ यांनी १८९६ मध्ये टोमॅटो, वांगी आणि बटाट्यावरील या जिवाणूचे वर्णन केले, आणि आज दोनशेहून अधिक वनस्पतींवर त्याची नोंद आहे. तुकडा नुकत्याच कोमेजलेल्या झाडाचाच घ्यावा. वाळलेल्या झाडातून धागे उतरत नाहीत आणि खोटा दिलासा मिळतो.

धागे दिसले नाहीत, पण खोड उभे चिरल्यावर सालीखाली तपकिरी रेषा वरपर्यंत गेलेली दिसली आणि पाने एका बाजूने पिवळी पडत होती, तर बहुधा फ्युजेरियम बुरशीची मर असते. जवळपास तशीच दिसणारी व्हर्टिसिलियमची मर थंड हवेची आहे, उष्ण महिन्यांत तिचा विचार शेवटी करावा. जिवाणू की बुरशी हा भेद केवळ नावाचा नाही, कारण पुढे त्या जागी काय लावायचे ते त्यावरच ठरते. टोमॅटोला मारणारा फ्युजेरियमचा प्रकार टोमॅटोपुरताच असतो, त्यामुळे त्या जागी काकडी, भेंडी, अगदी वांगेही लावता येते, आणि टोमॅटोच हवा असेल तर पाकिटावर ‘एफ’ असलेला वाण घ्यावा. राल्स्टोनियाच्या जागी मात्र वांगी, मिरची, बटाटा, भुईमूग, आले यांपैकी काहीही लावणे म्हणजे जिवाणूला आयते घर देणे होय. तिथे मका लावावा आणि टोमॅटोवर्गीय पिके किमान दोन-तीन वर्षे दूर ठेवावीत.

जिवाणूची खात्री पटली की रोगट झाड मातीसकट काढावे, त्या कुंडीतून निथळलेले पाणी दुसऱ्या कुंडीत जाऊ देऊ नये, आणि सुरी, खुरपे, कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नये. उन्हात प्लॅस्टिक ताणण्याचा उपाय या जिवाणूवर भरवशाचा नाही. घरगुती फवारण्यांविषयी विचारणा नेहमी होते. रोग पाण्याच्या नलिकांच्या आत असताना पानांवर काहीही फवारले तरी ते तिथे पोहोचत नाही. ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी आहे, परंतु ती लागवडीपूर्वी कुजलेल्या खतात मिसळून, बुरशीजन्य रोगांना अटकाव म्हणून वापरायची असते. मलूल झालेल्या झाडाला ती उठवत नाही.

त्याच जागी टोमॅटो घ्यायचाच असेल तर कलमी रोप हा एकमेव व्यवहार्य मार्ग मला दिसतो. जागतिक भाजीपाला केंद्राने यासाठी ईजी २०३ या, जिवाणूला दाद न देणाऱ्या वांग्याच्या खुंटावर (मुळांकडच्या भागावर) टोमॅटोचे कलम करण्याची शिफारस केलेली आहे. कलमाचा सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे. तो पुरला गेला तर वरच्या टोमॅटोला स्वतःची मुळे फुटतात आणि जिवाणू त्या वाटेने आत शिरतो.

कुठे थांबावे

पुढील स्थितीत स्वतःचे प्रयोग थांबवून वनस्पतिरोगतज्ज्ञाकडे किंवा माती व रोगनिदान प्रयोगशाळेकडे जावे. पेल्यातल्या चाचणीत दुधाळ धागे दिसले आणि जवळपास बटाटा, आले किंवा केळीची लागवड असेल, तर लगेच जावे. राल्स्टोनियाच्या काही प्रकारांवर अनेक देशांत कायदेशीर निर्बंध आहेत आणि ती माती किंवा रोपे इतरांना देणे धोक्याचे असते. एका आठवड्यात तीन किंवा अधिक झाडे हिरवी असतानाच गेली, वर दिलेल्या सर्व तपासण्यांत काहीच सापडले नाही, माती पूर्ण बदलूनही त्याच कुंडीत तोच प्रकार झाला, किंवा वेगवेगळ्या कुळांतली पिके एकाच वेळी मलूल होऊ लागली, तरीही थांबावे. शेवटच्या प्रकारात दोष बहुधा पाण्यात किंवा विकत आणलेल्या मिश्रणात असतो आणि तो घरी मोजता येत नाही. मातीची विद्युतवाहकता (क्षारांचे प्रमाण) आणि सामू (आम्ल-विम्लता) तपासून घ्यावा लागतो. जमिनीत दूरवर पसरलेल्या सूत्रकृमींच्या बाबतीतही प्रयोगशाळेकडून त्यांची जात व संख्या कळली, तर पुढची पिके नेमकी निवडता येतात.

नमुना चुकीचा नेला तर अहवालाचा उपयोग होत नाही. मेलेले झाड नेऊ नये. नुकतेच कोमेजू लागलेले एक आणि तुलनेसाठी एक निरोगी, अशी दोन झाडे मुळांसकट उचलावीत. मुळांभोवतीची माती न झटकता ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवी बुंध्याशी बांधावी, म्हणजे पानांना माती लागत नाही, आणि वरचा भाग कोरड्या कागदात गुंडाळावा. पाणी शिंपडू नये. सूत्रकृमींसाठी माती मुळांजवळून १५ ते २० सेंटिमीटर खोलीवरून, चार-पाच ठिकाणची एकत्र करून, साधारण अर्धा किलो घ्यावी. ती उन्हात वाळवू नये, कारण प्रयोगशाळेत जिवंत सूत्रकृमीच वेगळे करून मोजले जातात. नमुने सावलीत ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत पोहोचवावेत आणि सोबत कागदावर लिहून द्यावे: लागवडीची तारीख, त्या जागी आधी कोणती पिके होती, कोणते खत केव्हा दिले, पाणी कुठले व किती, पहिले झाड केव्हा कोमेजले आणि सकाळी ते कसे दिसत होते.